अद्भुतकथाकार आणि त्यांची धर्मश्रद्धा

इंग्रजी वाङ्मयांतील ज्या अद्भुतकथा आज देशोदेशीं वाचल्या जातात, त्यांच्या कर्त्यांपैकीं जॉर्ज मॅक्डोनल्ड, जे. आर. आर. टॉल्किन आणि सी. एस. लुइस हे तिघेही निष्ठावंत ख्रिस्ती होते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिचा अर्थ काय करावयाचा, याविषयीं मात्र वाचकांत दोन तट पडलेले दिसतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, या कथा म्हणजे यक्ष, राक्षस आणि बोलकीं जनावरें यांचा वेष घेतलेलीं प्रवचनें होत. मुलांच्या हातीं खाऊ द्यावयाचा आणि त्या खाऊंतूनच औषध पोटांत जाऊं द्यावयाचें, असा हा बेत आहे. दुसऱ्या पक्षास हा सगळा वादच अप्रस्तुत वाटतो. लेखकाचा धर्म ही त्याची घरची बाब. कथा सुरस असली म्हणजे पुरे, असें तो म्हणतो. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष एकाच ठिकाणीं चुकतात. श्रद्धा ही कथेंत बाहेरून आणून ठेवावयाची, किंवा नको असल्यास आंतून उचलून बाहेर टाकावयाची एक सुटी वस्तु आहे, असें दोघेही गृहीत धरतात. वास्तविक ती कथेच्या कोणत्या अवयवांत आणि किती खोल मुरली आहे, यावर सर्व कांहीं अवलंबून असतें.

हा प्रश्न आपल्यापुरता केवळ पांडित्याचा नाहीं. टॉल्किनच्या महाकथेवर २००१ ते २००३ या सालांत तीन बोलपट निघाले, आणि २००५ सालीं लुइसच्या नार्नियाच्या पहिल्या कथेवरही मोठा बोलपट निघाला. इंग्रजी वाचणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या हातीं हीं पुस्तकें आज सहज येतात. ज्या धर्मांत आपण वाढलों नाहीं, त्या धर्माच्या छायेंत जन्मलेली कथा आपल्या मुलांस काय देते आणि त्यांच्याकडून काय मागते, हें कोणत्याही विचारी पालकानें स्वतःस विचारावें असें आहे. त्याचें उत्तर भीतीनें देऊं नये आणि बेफिकिरीनेंही देऊं नये. पुस्तकें उघडून तें शोधावें.

या शोधाकरितां लागणारीं साधनें आपल्या साहित्यशास्त्रांत तयार आहेत. मम्मटानें काव्यप्रकाशांत काव्याचीं प्रयोजनें सांगतांना कांतासंमित उपदेशाचा उल्लेख केला आहे, तो आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. वेदांचा उपदेश प्रभूच्या आज्ञेसारखा, पुराणेतिहासांचा मित्राच्या सल्ल्यासारखा, आणि काव्याचा प्रिय पत्नीच्या मनधरणीसारखा. पहिल्यांत शब्द प्रमाण, दुसऱ्यांत अर्थ प्रमाण. तिसऱ्यांत मात्र शब्द आणि अर्थ हे दोन्ही मागें राहून रस पुढें होतो, आणि उपदेश केव्हां झाला हें ऐकणाऱ्यास कळतही नाहीं. आनंदवर्धनानें याच्याही मुळाशीं जाऊन दाखविलें कीं, रसाचें नांव घेतल्यानें रस उत्पन्न होत नाहीं. करुण, करुण असें शंभर वेळां म्हटलें तरी कोणाच्या डोळ्यांस पाणी येत नाहीं. तो व्यंग्यच असावा लागतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जी गोष्ट रसाची, तीच कथेंतील श्रद्धेची. ती वाच्य झाली कीं तिचें मत बनतें. ती व्यंग्य राहिली तर ती कथेचा प्राण होते. आणि ती कोठें वाच्य आहे व कोठें व्यंग्य आहे, हें ओळखण्याची एक खूण आम्हांस या कथांतच सांपडली आहे. कथेच्या श्रद्धेबाहेर जें पात्र उभें आहे, त्याच्याशीं कथा कशी वागते, ही ती खूण होय.

प्रथम मॅक्डोनल्ड. त्याचा जन्म १८२४ सालीं स्कॉटलंडमधील हंट्ली या गांवीं झाला. ईश्वरानें कांहीं जीव उद्धारासाठीं आधींच निवडून ठेवले असून बाकीच्यांचा नाश ठरलेला आहे, या कॅल्व्हिनपंथी मताचा तेथील धर्मजीवनावर पगडा होता. हें मत मॅक्डोनल्डच्या मनास पटलें नाहीं. १८५० सालीं तो इंग्लंडांतील अरंडेल येथें एका मंडळीचा धर्मोपदेशक झाला. परंतु ख्रिस्ती न झालेल्या लोकांसही मरणोत्तर उद्धाराची आशा आहे, अशा वळणाचे त्याचे विचार मंडळींतील वडीलधाऱ्यांस रुचले नाहींत. त्यांनीं आधीं त्याचें वेतन कमी केलें, आणि १८५३ सालीं त्यानें ती जागा सोडली. व्यासपीठ गेलें; लेखणी राहिली. १८५८ सालीं त्याची 'फँटॅस्टीस' ही अद्भुतकथा प्रसिद्ध झाली आणि १८९५ सालीं 'लिलिथ'. मधल्या काळांत त्यानें पुष्कळ वास्तववादी कादंबऱ्याही लिहिल्या. त्यांत पात्रें बोलतां बोलतां प्रवचन करूं लागतात, आणि म्हणूनच त्या आज फारशा कोणी वाचीत नाहीं. लेखक तोच, श्रद्धा तीच. परंतु एकीकडे ती पात्रांच्या तोंडीं आहे, तर दुसरीकडे ती कथेच्या रचनेंत आहे.

'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन' या त्याच्या १८७२ सालच्या पुस्तकांत ही रचना पाहावी. डोंगरावरील वाड्यांत राहणारी लहानगी राजकन्या आयरीन हिला माडीवरच्या खोलीत एक अतिवृद्ध तरीही सुंदर पणजी भेटते. ती कोळ्याच्या जाळ्याचें सूत कातीत असते. त्या सुताचा दोरा डोळ्यांस दिसत नाहीं; बोटास मात्र लागतो, आणि तोही केवळ आयरीनच्याच. त्या दोऱ्यावर बोट ठेवून ती मुलगी डोंगराच्या पोटांत शिरते, दगडांचा ढीग उपसते आणि बंदींत पडलेल्या कर्डी नांवाच्या खाणकामगार मुलास सोडविते. मग ती मोठ्या आनंदानें त्याला पणजीकडे नेते. आणि कर्डीला काय दिसतें? ओकी खोली, कुजट पेंढ्याचा ढीग, एक सुकलेलें सफरचंद आणि उन्हाची तिरीप. ही मुलगी आपली थट्टा करीत आहे असें वाटून तो रागानें निघून जातो. येथें प्रवचनकार असता तर त्यानें कर्डीच्या अविश्वासास शिक्षा केली असती. मॅक्डोनल्डची पणजी आयरीनलाच समजाविते कीं, ज्याला जेवढें मानवेल तेवढेंच तो मानणार. अधिक दिसणाऱ्यानें कमी दिसणाऱ्यावर रागावूं नये. पुढें हाच कर्डी जखमी होऊन तापानें फणफणतो, तेव्हां तिला न पाहूं शकलेल्या त्या मुलाची जखम तीच येऊन बरी करते.

या कथेंत ख्रिस्ताचें नांव नाहीं, चर्च नाहीं, क्रूस नाहीं. परंतु अविश्वासी माणसास नरकांत लोटण्याचें नाकारल्याबद्दल ज्याला व्यासपीठ सोडावें लागलें, त्या माणसाचें सारें धर्मशास्त्र त्या माडीवरच्या खोलीत आहे. तें वाचकाच्या लक्षांत आलें नाहीं तरी त्याचें कांहीं अडत नाहीं. आठ वर्षांच्या मुलासही एवढें कळतें कीं, पणजी कर्डीवर रागावली नाहीं. यालाच आम्ही श्रद्धा व्यंग्य होणें म्हणतों.

टॉल्किनकडे वळतांना त्याच्या बाळपणाची हकीकत सांगणें आवश्यक आहे. कारण तिच्यावांचून त्याच्या श्रद्धेची जात कळणार नाहीं. त्याचा जन्म १८९२ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील ब्लूमफाँटेन येथें झाला. चार वर्षांचा असतांनाच त्याचे वडील वारले. आई मेबल हिनें १९०० सालीं रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला, तेव्हां आप्तांनीं तिच्याकडे पाठ फिरविली आणि मिळणारी मदत थांबविली. १९०४ सालीं मधुमेहानें तिचा अंत झाला. त्या रोगावरील इन्सुलिन अद्याप सांपडावयाचें होतें. मागें राहिलेल्या दोन मुलांचें पालकत्व बर्मिंगहॅमच्या फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूनें पत्करलें. आपली आई श्रद्धेपायीं हुतात्मा झाली, ही भावना टॉल्किनच्या मनांतून पुढें कधीं गेली नाहीं. त्यामुळें धर्म हें त्याच्या दृष्टीनें तपासून स्वीकारलेलें मत नव्हतें. तें आईचें ऋण होतें. मत माणूस बोलून दाखवितो. ऋण तो बोलून दाखवीत नाहीं, फेडीत राहतो.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हा ग्रंथ १९५४ व १९५५ या सालांत तीन खंडांत प्रसिद्ध झाला. एवढ्या श्रद्धावंताच्या एवढ्या मोठ्या ग्रंथांत देवालय नाहीं, पुजारी नाहीं, आणि प्रार्थना म्हणावी असें जवळजवळ कांहींच नाहीं. फॅरमिरचे सैनिक जेवणापूर्वीं पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर स्तब्ध उभे राहतात, एवढीच काय ती उपासना. १९५३ सालीं एका जेझुइट मित्रास लिहिलेल्या पत्रांत टॉल्किननें याचा खुलासा केला आहे. हें पुस्तक मुळांत धार्मिक व कॅथलिक आहे. आरंभीं तें नकळत तसें झालें, पण पुन्हा संस्कार करतांना जाणीवपूर्वक. आणि म्हणूनच त्यांतील पूजाअर्चेचे उल्लेख आपण काढून टाकले, असा त्या पत्राचा आशय आहे. 'म्हणूनच' हा शब्द या ठिकाणीं महत्त्वाचा आहे. सामान्य लेखक श्रद्धा आहे म्हणून देवालय बांधतो. हा श्रद्धा आहे म्हणून देवालय काढून टाकतो. दुष्ट अंगठीचा नाश कथेंतील पंचांगाप्रमाणें २५ मार्चला होतो. ख्रिस्ती परंपरेंत हा दिवस मेरीस देवदूतानें शुभवर्तमान सांगितल्याचा, आणि मध्ययुगीन समजुतीप्रमाणें ख्रिस्ताच्या मरणाचाही. परंतु ही तिथि ग्रंथांत कोणी उच्चरवानें सांगत नाहीं. आपल्याकडील एखाद्या लेखकानें आपल्या कथेचा शेवट चैत्र शुद्ध नवमीस करावा आणि रामाचें नांवही घेऊं नये, तसाच हा प्रकार आहे. जाणेल त्यानें हात जोडावे. न जाणणाऱ्याचें कांहीं हरवत नाहीं.

पण तिथि हा झाला अलंकार. श्रद्धेचें खरें ठिकाण कथेच्या शेवटीं आहे. फ्रोडो हा सामान्य, भला जीव अंगठी नष्ट करण्यासाठीं मरणप्राय यातना सोसून अग्निपर्वताच्या कड्यापर्यंत पोहोंचतो आणि तेथें, अगदीं शेवटच्या क्षणीं, हरतो. तो अंगठी टाकीत नाहीं. ती आपली म्हणून बोटांत घालतो. तिचा नाश होतो तो गॉलममुळें. तिच्या लोभानें ज्याचा देह आणि मन दोन्ही कुरतडून गेले आहेत, असा तो जीव फ्रोडोचें बोट चावून ती हिसकावतो आणि तोल जाऊन तिच्यासह अग्नींत पडतो. हा गॉलम तोंवर जिवंत राहिला तो केवळ दयेमुळें. पूर्वीं बिल्बोनें, आणि पुढें फ्रोडो व सॅम यांनीं, मारण्याची संधि असतांना त्याला मारलें नाहीं. येथें एक गोष्ट मार्मिक वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. 'द हॉबिट' या पूर्वकथेच्या १९३७ सालच्या पहिल्या आवृत्तींत बिल्बोच्या या दयेचा प्रसंग नव्हताच. १९५१ सालच्या सुधारलेल्या आवृत्तींत टॉल्किननें तो घातला. सगळ्या महाकथेचा भार ज्या खांबावर आहे, तो खांब त्यानें मागाहून, पूर्ण विचारानें उभा केला आहे.

माणूस स्वतःच्या बळावर तरत नाहीं. त्याला कृपा लागते, आणि ती अनेकदां त्यानें दुसऱ्यावर केलेल्या दयेच्या वाटेनें परत येते, हा यांतील ख्रिस्ती आशय होय. परंतु तो सिद्धान्त म्हणून कोठेंही मांडलेला नाहीं, तो घडतो. म्हणूनच कीर्तनाच्या संस्कारांत वाढलेल्या मराठी वाचकास तो परका वाटत नाहीं. स्वबळाचा अभिमान गळून पडल्यावांचून देव भेटत नाहीं, हें आमच्या संतांनीं वारंवार सांगितलें आहे. आणखी एखादा वाचक यांतून कर्मफळाचाच बोध घेईल: बिल्बोनें केलेलें सत्कृत्य फ्रोडोच्या कामीं आलें. टॉल्किनला हा अर्थ अभिप्रेत नसेलही. पण त्याची कथा त्याला मज्जाव करीत नाहीं. व्यंग्यार्थाचें हेंच वैभव आहे कीं, तो कर्त्याच्या पंथापेक्षां मोठा असतो.

टॉल्किनच्या श्रद्धेनें त्याला कांहीं दिलें, तसा एक कांटाही दिला. त्याच्या ऑर्क नांवाच्या राक्षसी सैन्याविषयीं तो आयुष्याच्या उत्तरार्धांत फार अस्वस्थ असे. दुष्ट शक्तीस नवें कांहीं निर्माण करतां येत नाहीं, तिला असलेलें बिघडवितांच येतें, असें त्याचा धर्म सांगे. मग ऑर्क हे बिघडलेले जीव ठरले. जीव ठरले तर त्यांना आत्मा असला पाहिजे. आणि आत्मा असला तर त्यांच्या उद्धाराची वाट सर्वस्वीं बंद कशी असेल? त्यानें या प्रश्नाचीं वेगवेगळीं उत्तरें लिहून पाहिलीं आणि एकही त्याच्या मनास पूर्ण उतरलें नाहीं. श्रद्धा नसती तर हा प्रश्न त्याला पडलाच नसता. हजारोंनीं मारले जाणारे शत्रू केवळ कथेची सोय म्हणून सोडून देणें त्याला जमलें नाहीं, यांत त्याच्या श्रद्धेचा खरेपणा आम्हांस दिसतो; आणि ग्रंथांत तो प्रश्न सुटला नाहीं, हें त्याचें वैगुण्यही मान्य केलें पाहिजे.

आतां लुइस. या तिघांत आम्हांस सर्वांत अधिक आनंद देणारा आणि सर्वांत अधिक अडविणारा लेखक हाच. त्याचा जन्म १८९८ सालीं बेलफास्ट येथें झाला. १९०८ सालीं, तो नऊ वर्षांचा असतांना, आई कर्करोगानें गेली. तिच्यासाठीं त्या मुलानें केलेली प्रार्थना फळास आली नाहीं. पुढें तो नास्तिक झाला. १९१६ सालीं मॅक्डोनल्डचें 'फँटॅस्टीस' त्याच्या हातीं पडलें. आपल्या कल्पनाशक्तीस त्या पुस्तकानें दीक्षा दिली, असें तो पुढें सांगत असे. १९३१ च्या सप्टेंबरांत ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजांत टॉल्किन आणि ह्यूगो डायसन यांच्याशीं रात्रीं उशिरांपर्यंत त्याचें बोलणें झालें. पुराणकथा म्हणजे सुंदर असत्यें नव्हेत, हा टॉल्किनचा पक्ष त्यास पटला, आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा ख्रिस्ती झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्यानें ब्रिटिश नभोवाणीवरून धर्मावर भाषणें दिलीं, तीं अतिशय लोकप्रिय झालीं. म्हणजे टॉल्किनला श्रद्धा ऋण म्हणून मिळाली, तर लुइसनें ती वादांत हरून मिळविली. वादांत हरलेला बुद्धिमान् माणूस पुढें त्याच वादाचा उत्तम वकील होतो, तसें त्याचें झालें. मम्मटाच्या परिभाषेंत तो सुहृत्संमित उपदेशाचा लेखक होय. मित्रासारखा प्रेमळ, हुशार, विनोदी. परंतु आपल्या खांद्यावर हात ठेवून तो आपणांस कोठें तरी नेत आहे, हें आपल्याला सारखें जाणवत राहतें.

नार्नियाच्या सात कथा १९५० ते १९५६ या काळांत निघाल्या. त्यांचा आरंभ उपदेशाच्या बेतानें झाला नाहीं. बर्फांतून छत्री घेऊन चाललेल्या अर्धमानव फॉनचें एक चित्र सोळाव्या वर्षापासून आपल्या मनांत होतें, असें लुइसनेंच सांगितलें आहे. अस्लान हा सिंह मागाहून आला आणि त्यानें सारी कथा आपल्याकडे ओढून घेतली. या सिंहाच्या रूपानें ख्रिस्ताचें चरित्र पुन्हा सांगतांना लुइस कांहीं ठिकाणीं फार उंच जातो. 'द मॅजिशिअन्स नेफ्यू' या १९५५ सालच्या कथेंत डिगरी नांवाच्या मुलाची आई मरणाच्या दारीं आहे. तो अस्लानकडे तिच्यासाठीं कांहीं औषध मागतो आणि धीर करून वर पाहतो, तों त्या सिंहाच्या डोळ्यांत त्याच्या स्वतःच्या आंसवांहून मोठीं आंसवें आहेत. कथेंतील आई वांचते. लुइसची वांचली नव्हती. या प्रसंगांत कोणताही युक्तिवाद नाहीं. नऊ वर्षांच्या मुलाची न फळलेली प्रार्थना पन्नाशी उलटलेल्या माणसानें पुन्हा एकदां केली आहे, आणि देवास दुःख होतें एवढेंच तिचें उत्तर त्यानें लिहिलें आहे. वकील येथें गप्प आहे. म्हणून कवि बोलतो.

परंतु शेवटची कथा 'द लास्ट बॅटल' वाचतांना आपल्यासारख्या वाचकाची पावलें अडखळतात. नार्नियाचे शत्रू कॅलॉरमेनी हे काळसर वर्णाचे, दाढीवाले, फेटे बांधणारे, वांकड्या तरवारी वापरणारे. त्यांचा देश अरबी सुरस गोष्टींच्या वळणाचा. त्यांचें दैवत टॅश. त्याला शिकारी पक्ष्याचें डोकें आणि बांकदार चोंच आहे, तें चालतें तेथील गवत करपतें, आणि त्याला चार हात आहेत. लुइसनें चार हात दिले ते वाचकाच्या मनांत अमानुष भीति उत्पन्न व्हावी म्हणून. परंतु ज्या घरांत चतुर्भुज गणपतीची मूर्ति दरवर्षीं पाटावर बसते, त्या घरांतील मुलाला चार हात म्हणजे अभय, वर आणि मोदक! येथें प्रतीक उलटें फिरतें. लुइसनें आपल्या देवाचा द्वेष केला असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच्या मनांत आपण नव्हतोंच. परंतु आम्हांस दाखवावयाचें तें हेंच. टॉल्किनची श्रद्धा घटनेंत होती म्हणून ती परधर्मीयासही लागू पडली. येथें ती चित्रांत आली, आणि चित्रें ज्याच्या त्याच्या देव्हाऱ्यांतून येत असतात.

याच पुस्तकांत लुइसनें आपली चूक अर्धीअधिक दुरुस्तही केली आहे, हें न सांगणें अन्याय होईल. एमेथ नांवाचा तरुण कॅलॉरमेनी सैनिक जन्मभर मनोभावें टॅशची भक्ति करतो. मरणोत्तर त्याची गांठ अस्लानशीं पडते, तेव्हां आतां आपला नाश होणार असें त्याला वाटतें. पण अस्लान त्याला जवळ घेतो आणि टॅशच्या नांवानें केलेली त्याची सारी खरी सेवा आपणांसच पोहोंचली असें सांगतो. हा भाग वाचतांना गीतेच्या नवव्या अध्यायाची आठवण ज्याला होणार नाहीं असा मराठी वाचक विरळा. अन्य देवतांस श्रद्धेनें भजणारे मलाच भजतात, असा भगवंतांचा तेथें निर्वाळा आहे. तथापि या दोहोंत एक अंतर आहे. गीतेंत त्या अन्य देवता भगवंतांच्या शत्रू नाहींत. त्यांना भजण्याचा विधि तेवढा उणा आहे. लुइसच्या कथेंत एमेथची भक्ति अस्लानला पोहोंचते, ती टॅश आणि अस्लान एकमेकांचे पूर्ण विरोधी आहेत म्हणून. त्यानें भक्त स्वीकारला. त्याचें दैवत मात्र दाराबाहेर ठेवलें. तरीही कर्डीस न रागावणाऱ्या पणजीचा हा वारसा आहे, हें उघड आहे. मॅक्डोनल्डला लुइस आपला गुरु मानी, तें उगाच नव्हे. उलट, याच कथेंत सूझन ही मोठी बहीण नटण्यामुरडण्याच्या नादीं लागून नार्निया विसरली, एवढें दोन ओळींत सांगून तिला वगळलें आहे, तेथें गुरूचा धडा शिष्य विसरला असें म्हणावें लागतें.

कोणी म्हणेल, मग श्रद्धाच नसली तर कथा अधिक मोकळी होईल. त्याचीही परीक्षा होऊन गेली आहे. फिलिप पुलमन या नास्तिक लेखकानें लुइसला उत्तर म्हणून गणली गेलेली कथात्रयी १९९५ ते २००० या काळांत लिहिली. प्रत्येक माणसाबरोबर त्याचा अंतरात्मा पशुपक्ष्याच्या रूपानें वावरतो, ही तिच्यांतील कल्पना अत्यंत सुंदर आहे. आणि आत्मा डोळ्यांस दिसावा असा शोध एका नास्तिकानें लावावा, यांत मौजही आहे. परंतु तिसऱ्या भागांत तोही व्यासपीठावर चढतो. आमची खूण येथें लावून पाहावी. त्याच्या मताबाहेर उभे असलेले लोक म्हणजे धर्मसंस्थेचे लोक. आणि ते जवळजवळ सारे क्रूर किंवा क्षुद्र. एमेथसाठीं लुइसनें जेवढें दार उघडलें, तेवढेंही पुलमनला उघडवत नाहीं. याच्या उलट उदाहरण अर्सुला ल गुइन हिचें. चीनमधील ताओ विचारांचा तिच्यावर आयुष्यभर प्रभाव होता. १९६८ सालच्या तिच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या कथेंत नायक गेड ज्या काळ्या छायेपासून पळत असतो, तिला शेवटीं सामोरा जातो आणि तिला स्वतःचेंच नांव देतो. बाहेरचा म्हणून जो होता तो आंतलाच निघाला. ताओ हा शब्द न उच्चारतां ताओ तेथें आहे. तेव्हां दोष श्रद्धेचा नाहीं आणि गुण अश्रद्धेचा नाहीं. दोष वाच्यतेचा आहे.

पालकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, हीं पुस्तकें मुलांपासून लपवूं नयेत, आणि त्यांत धर्म नाहींच असेंही त्यांस सांगूं नये. लेखकाचा धर्म कोणता, हा प्रश्न चरित्रकोशास विचारावा. कथेस विचारावयाचा प्रश्न निराळा: ज्याला दिसत नाहीं त्या कर्डीचें येथें काय झालें? जो बिघडला त्या गॉलमचें काय झालें? जो दुसऱ्या देवाचा भक्त आहे त्या एमेथचें, आणि जी विसरली त्या सूझनचें काय झालें? हे प्रश्न मूल आपण होऊन विचारतें. मोठ्यांनीं त्याला उगी करूं नये. टॅशच्या चार हातांपाशीं तें थबकलें, तर आपल्या देव्हाऱ्यांतील चार हात त्याला दाखवावे, आणि एकच चित्र दोन घरांत दोन अर्थ कसे सांगतें हें त्याला पाहूं द्यावें. आणि मग हेच प्रश्न आपल्या स्वतःच्या कथांनाही विचारण्याची संवय त्यास लावावी. आमच्या पुराणांतून राक्षस म्हणून मारले गेलेले अनेक आहेत. त्यांच्याकडे दयेनें पाहणारी एखादी पणजी आमच्या कोणत्या कथांत आहे आणि कोणत्या कथांत नाहीं, हें शोधूं लागलेलें मूल आपल्या धर्मापासून दूर गेलें असें आम्ही म्हणणार नाहीं. तें त्याच्या अधिक जवळ आलें, असेंच आमचें मत आहे.